हेडाऊ सरांचं चुंबक

"विज्ञानाले पूजा नाही लागत, मशीनले लागते," असं प्राध्यापक चंद्रभान हेडाऊ एकदा म्हणाले होते.

दसऱ्याचा दिवस होता. भंडाऱ्याहून नागपूरकडे जाताना शहापूरच्या पुढे महामार्गाला लागून जे कॉलेज आहे, त्याच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सर हातात ताट घेऊन उभे होते. ताटात गेरूची वाटी, हळद-कुंकू, तांदूळ आणि आपट्याची पानं. विभागप्रमुख होऊन त्यांना फार दिवस झाले नव्हते आणि नव्या अधिकाराचं काय करावं हे त्यांना अजून सुचलं नव्हतं. पूजा सुचली. वजनकाट्याला हळदीचं बोट लागलं. भट्टीच्या दाराला गेरूचं स्वस्तिक निघालं. नमुने घोटायच्या खलात गेरूची रेघ आणि वर तांदूळ. ज्या झाकणाच्या वाटीत पावडर भाजायची, जिला भंडाऱ्याचे पितळवाले मूस म्हणतात, तिच्या आतून-बाहेरून स्वस्तिक. एम.एस्सी.ची पोरं तोंडावर हात ठेवून हसली. तेव्हा सरांनी ते वाक्य टाकलं. त्यांना वाटलं, आपण विनोद केला. पोरांना वाटलं, सर मनापासून बोलले. पोरांचं बरोबर होतं.

सरांचा जन्म मोहाडीच्या कोष्टी गल्लीतला. वडील देवाजी मागावर लुगडी विणायचे. दसऱ्याला माग धुऊन पुसून त्याच्या खांबांवर गेरू चढायचा आणि तो पुढच्या दसऱ्यापर्यंत कोणी पुसायचं नाही, असा घरचा दंडक होता. पुसला की धागा तुटतो, असं देवाजी सांगायचे. धागा तसाही तुटायचाच. मग देवाजी खांब निरखायचे आणि गेरू कुठंतरी उडालेला त्यांना सापडायचाच. पोपडा नसलेला खांब जगात कुठं असतो? ते पुन्हा बोट बुडवून तेवढी जागा भरायचे आणि समाधानानं मागावर बसायचे. चंद्रभान हे बघत मोठा झाला. पुढं तो भौतिकशास्त्र शिकला, त्यानं डॉक्टरेट मिळवली, आणि बापाची विद्या खालच्या कप्प्यात जशीच्या तशी घडी घालून ठेवली.

माणूस वाईट नव्हता. त्याला फक्त आकार नव्हता. आधीचे विभागप्रमुख खादी घालायचे, तेव्हा हेडाऊ सरांनी तीन झब्बे शिवून घेतले. ते निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी आलेल्या बाईंना योगाचं वेड होतं, तर सर मधल्या सुट्टीत डोळे मिटून बसू लागले. संस्थेचे अध्यक्ष परसरामभाऊ, तीन राइस मिलचे मालक, एकदा म्हणाले की आपल्याले साहित्याची मोठी आवड आहे, तर सरांनी त्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात कविता वाचली. तिच्यात राइस मिल होती.

नॅनो कणांचं चुंबकत्व सर वर्गात फार चांगलं शिकवायचे, हे त्यांच्या विरोधकांनाही मान्य होतं. लोखंडाचा खिळा चुंबकाला घासला की थोडं चुंबकत्व त्याच्यात मुरतं. चुंबक दूर नेलं तरी खिळा ते विसरत नाही. पण लोखंडाचंच ऑक्साइड इतकं बारीक करा की केसाच्या जाडीत त्याचे हजारो कण बसतील. आता चुंबक जवळ आणा. सगळे कण एका दिशेला तोंड करून उभे राहतात, अगदी शिस्तीत. चुंबक काढा. खोलीतल्या साध्या उबेनं ते डगमगायला लागतात आणि क्षणात ज्याचं तोंड त्याला. शिल्लक शून्य. याला सुपरपॅरामॅग्नेटिक म्हणतात, असं सर फळ्यावर लिहायचे आणि मागच्या बाकावर खसखस पिकायची. कारण पोरांनी सरांचंच नाव सुपरपॅरा ठेवलेलं होतं. सरांना ते माहीत नव्हतं, किंवा माहीत असून कुठल्या दिशेला तोंड करावं हे ठरत नव्हतं.

सरांचं संशोधन जस्ताच्या ऑक्साइडवर होतं. पळसाची पानं उकळून त्या काढ्यात जस्ताचा क्षार विरघळवायचा, आटवायचा, खलात घोटायचा, मुशीत झाकून भट्टीत भाजायचा. पांढरी, टाल्कमसारखी पावडर निघते. ती नागपूरच्या एका मोठ्या संस्थेत मोजायला जायची. मोजण्याचं यंत्र दिसायला सोपं. पावडर औषधाच्या कॅप्सूलमध्ये भरतात, कॅप्सूल एका काडीच्या टोकाला बसवतात आणि दोन भल्या मोठ्या विद्युतचुंबकांच्या मधल्या फटीत ती काडी थरथरवतात. पावडरीत चुंबकत्व असलं तर तिच्या थरथरीनं शेजारच्या तारांच्या वेटोळ्यात बारीकशी वीज उठते. तेवढ्यावरून कॉम्प्युटर आलेख काढतो. चुंबकाचा जोर वाढवत न्यायचा, कमी करायचा, उलटा करायचा, पुन्हा सुलटा. लोखंडासारखा पदार्थ असला तर रेघ झपकन वर चढते आणि माथ्यावर जाऊन सपाट होते. जस्ताच्या ऑक्साइडची रेघ चढत नाही. ती सरळ आणि किंचित खाली उतरती असते, म्हणजे पदार्थ चुंबकाला अगदी हलकेच 'नको' म्हणतो. सरांची रेघ वर्षानुवर्षं अशी 'नको' म्हणत होती.

त्या दसऱ्यानंतरचा पहिला नमुना गेला आणि रेघ चढली.

पावडर थोडी मळकट होती, कणकेला चहा लागल्यासारखी. सर म्हणाले, पळसाच्या पानाचा रंग. रेघ चढली ती पळसामुळेच, असंही ते म्हणाले, आणि एका मासिकानं ते छापलं. मनातल्या मनात मात्र सरांना दुसरंच कारण माहीत होतं. पुढचे नमुने गेले तेव्हा काहींची रेघ जोरात चढली, काहींची बेताची. सरांनी मूस निरखली. आतला गेरू उडाला होता. त्यांनी बोट बुडवून तेवढी जागा भरली. पुढचा नमुना झकास आला. त्यानंतर दर भट्टीला सर स्वतः मुशीला नवा गेरू लावू लागले. हे काम त्यांनी कोणावर सोपवलं नाही.

मग कीर्ती आली. सर शर्टाच्या खिशात अंगठ्याएवढं एक जबर चुंबक ठेवू लागले आणि दुसऱ्या खिशात पावडरीची पुडी. लग्न असो की शोकसभा, सर कागदावर पावडर पसरायचे, खालून चुंबक फिरवायचे. पावडर अंगावर काटा आल्यासारखी उभी राहायची. लोक म्हणायचे, बाप्पा! परसरामभाऊंनी सत्कार ठेवला, शाल घातली आणि माइकवरून सांगितलं की ही पावडर वैनगंगेत टाकून पाणी शुद्ध करायचा मोठा प्रकल्प आपण आणून राहिलो. पावडरीनं पाणी शुद्ध होतं असं सर कधी म्हणाले नव्हते. त्या दिवसापासून म्हणू लागले.

घरी पत्नी शोभाताई वैतागल्या. चुंबकानं सरांचं एटीएम कार्ड मारलं, नवं आणलं तर तेही मारलं. शिवणाच्या डब्यातल्या टाचण्या सरांच्या खिशातून निघायच्या.

"काहो, तुमी घरात आले की माह्या पिना गायब होतात," त्या म्हणायच्या. "इतकं लोखंड अंगाले चिकटवून हिंडता, जड नाही लागत?"

"हे संशोधन आहे, शोभा."

"मंग पिना तं वापस द्या."

शुभांगी बांते ही सरांची पीएच.डी.ची विद्यार्थिनी. तिचं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं तेव्हा ती लहान होती. आता घर नव्या वसाहतीत, आणि धानाची शेती करणारा बाप जलाशयात जाळं टाकतो. सरांनी तिला निवडलं ते ती बोलत नाही म्हणून. बोलत नाही म्हणजे ऐकते, असा सरांचा समज होता. ती बघत होती.

एकदा सर मेहुणीच्या लग्नाला बालाघाटला गेले आणि इकडे शुभांगीच्या हातून मूस फुटली. तिनं घाबरून कपाटातली कोरी मूस काढली, कोरा खल काढला, सगळं नेहमीसारखं केलं आणि पावडर घेऊन थेट नागपूरला गेली. यंत्रावर अश्विन नावाचा शास्त्रज्ञ होता, वयानं तिच्याहून थोडाच मोठा आणि जिभेनं फार तिखट.

"आज पांढरी कशी काय? दर वेळी चहा सांडलेली राहते तुमची."

तिनं कॅप्सूल पुढे केली. काडी थरथरू लागली. पडद्यावर रेघ उमटली. सरळ, किंचित उतरती.

"घ्या," अश्विन म्हणाला. "तुमच्या सरांचं चुंबक मेलं."

"मूस नवी होती," शुभांगी म्हणाली. "गेरू लावला नव्हता."

"काय लावला नव्हता?"

तिनं सांगितलं. अश्विन आधी हसला, मग हसायचा थांबला आणि त्यानं खुर्ची तिच्याकडे वळवली. "अहो, गेरू म्हणजे लोखंडाचाच गंज. अन् पाल्याच्या काढ्यासोबत झाकून भाजला की तो काळा होते, लोहचुंबकाचा दगड असते ना, तसा. तुमच्यावाल्या पावडरीत चिमूटभर गेला तरी माझं मशीन नाचते. जा, नुसता गेरू काढ्यात भाजून आणा."

ती घेऊन आली. जस्ताचा कणही नसलेल्या त्या काळ्या पावडरीची रेघ झपकन चढली, माथ्यावर सपाट झाली आणि उतरताना त्याच वाटेनं उतरली. मासिकात छापलेल्या आलेखावर तिनं ती ठेवून पाहिली. उंची सोडली तर जुळ्या बहिणी.

सर बालाघाटहून आले तेव्हा शुभांगीनं दोन्ही आलेख त्यांच्या टेबलावर ठेवले. सरांनी आधी उतरती रेघ बघितली आणि त्यांचा चेहरा पडला.

"काय केलं तू?"

"काहीच नाही सर. फक्त गेरू नाही लावला."

सर खुर्चीत मागे टेकले. त्यांच्या तोंडावर सुटकेचा भाव आला.

"मंग कसं येईल?" ते म्हणाले. "मी तुले सांगून नव्हतो राहिलो का? पूजा नाही केली तं कसं येईल!"

शुभांगीनं त्यांच्याकडे बघितलं. ती मस्करी आहे की काय, हे तिला कळेना. मग कळलं. तिनं दुसरा आलेख पुढे सरकवला. "सर, हा नुसता गेरू आहे. पळसाच्या काढ्यात भाजलेला. जस्त नाहीच यात."

सर बराच वेळ त्या आलेखावर वाकून होते. माणसाला एखादी गोष्ट समजायला वेळ लागतो तेव्हा तो असा वाकत नाही. समजलेली गोष्ट परत न-समजलेली करायला वेळ लागतो तेव्हा वाकतो. एकदा मुशीचं झाकण उघडल्यावर आतला गेरू त्यांना काळा पडलेला दिसला होता. लाल गेरू काळा होतो म्हणजे काय होतं, हे त्यांच्या दुसऱ्या वर्षाच्या पुस्तकात होतं. ते पुस्तक ते स्वतः शिकवायचे. त्यांनी काळं बोटानं पुसलं होतं आणि नवा गेरू लावला होता.

"हे आलेख पीएच.डी.च्या तोंडी परीक्षेत दाखवू नको," ते म्हणाले.

"काहून सर?"

"परसरामभाऊ येऊन राहिले त्या दिवशी. बाहेरच्या मॅडम येतील. तुह्या चार वर्षांचं काम आहे बाई. मी म्हणलं की कामात चूक आहे, तं तुले डिग्री भेटत नाही. समजलं?"

"चूक कोणाच्या कामात आहे म्हणून सांगाल सर?"

सरांनी चुंबक खिशात चाचपलं. त्याला एक टाचणी चिकटली होती.

पुढचे दिवस सरांच्या आयुष्यातले सगळ्यात कठीण होते, कारण पहिल्यांदाच दोन चुंबकं दोन बाजूंनी ओढत होती. परसरामभाऊ फोन करायचे, "सर, मंत्रालयातून लोक येऊन पाहून जाणार आहेत जी, पावडर भरपूर करून ठेवा." सर म्हणायचे, हो भाऊ. शुभांगी समोरून गेली की सर फळा पुसायला लागायचे, फळा कोरा असला तरी. घरी त्यांनी शोभाताईंना सगळं सांगितलं, म्हणजे अर्धं सांगितलं, म्हणजे पोरगी ऐकत नाही एवढं सांगितलं.

शोभाताई कढी ढवळत होत्या. "ते खोटं बोलून राहिली का?"

"तसं नाही."

"मंग?"

"तुले नाही समजणार."

"नाही समजत बाप्पा," शोभाताई म्हणाल्या. "तुमाले समजलं ना, मंग झालं."

तोंडी परीक्षेचा दिवस उजाडला. सेमिनार हॉलमध्ये सगळं कॉलेज जमलं, कारण समोसे होते. पहिल्या रांगेत परसरामभाऊ पाय पसरून बसले. बाहेरच्या परीक्षक मॅडम पुण्याहून आलेल्या, कमी बोलणाऱ्या, चष्मा नाकावर ठेवून सगळं वरून बघणाऱ्या. सरांनी सकाळीच मुशीला नवं स्वस्तिक काढून ती टेबलावर फुलांसोबत ठेवली होती. त्यांनी पाठ केलेलं वाक्य तयार होतं: 'विद्यार्थिनीच्या मोजणीत त्रुटी राहिली आहे.' सोपं वाक्य. सात पिढ्यांत कोणी गुन्हा केला नाही असं वाटायला लावणारं.

शुभांगीनं पहिला आलेख लावला, छापून आलेला. परसरामभाऊंनी टाळी वाजवली. मग हॉलनं वाजवली. तिनं दुसरा लावला. सरळ, उतरती रेघ. टाळी नाही. तिनं तिसरा लावला आणि न थांबता सांगितलं की हा गेरूचा आहे, पूजेच्या गेरूचा, आणि आम्ही जे चुंबकत्व मोजत होतो ते हेच होतं. तिचा आवाज थरथरत होता. यंत्रातल्या काडीसारखा, आणि तिच्यासारखाच कामाचा.

हॉलमध्ये कुजबूज झाली. मागून कोणीतरी म्हणालं, "सुपरपॅरा गेला बे."

"एक मिनिट, एक मिनिट," परसरामभाऊ उठले. "म्हणजे चुंबक गेरूचं? आपलं नाही? अन् मी जे तिकडे सांगून ठेवलं ते? सर! हे पोरगी काय बोलून राहिली?"

मॅडमनी हातानं त्यांना बसायची खूण केली. मग चष्म्यावरून सरांकडे बघितलं. "हेडाऊ सर, तुम्ही मार्गदर्शक आहात. या तीन आलेखांपैकी मी कोणता धरायचा? तुम्ही तिची मोजणी चुकीची आहे म्हणालात, तर मला हा प्रबंध परत पाठवावा लागेल. तुम्ही सांगा."

सर उभे राहिले. वाक्य जिभेवर होतंच. परसरामभाऊ मान हलवून त्यांना ते म्हणायला लावत होते, जसं पाहुण्यांसमोर बाळाला बोलायला लावतात. समोर शुभांगी उभी होती. तिनं सरांची विनवणी केली नाही. तिनं कोऱ्या मुशीतली पांढरी पावडर एका कागदावर घेतली होती आणि तो कागद दोन्ही हातांनी धरून ती वाट बघत होती.

सरांनी खिशातून चुंबक काढलं. त्याला दोन टाचण्या आणि शोभाताईंची एक सेफ्टी पिन लटकत होती. मागच्या बाकावर कोणीतरी फिसकन हसलं. सरांनी एकेक पिन ओढून काढली आणि वरच्या खिशात टाकली. मग त्यांनी चुंबक कागदाखाली नेलं, लग्नात न्यायचे तसं, शोकसभेत न्यायचे तसं. फिरवलं. पावडर हलली नाही. त्यांनी चुंबक अगदी कागदाला टेकवलं. वरून टेकवलं. पांढरी पावडर जिथल्या तिथं पडून होती, आणि उभ्या हॉलचं लक्ष तिच्यावर होतं. एवढं लक्ष त्या हॉलनं सरांच्या कुठल्याही तासाला दिलं नव्हतं.

"सर, बोला ना जी," परसरामभाऊ दबक्या आवाजात म्हणाले. "काही तं बोला."

सरांनी चुंबक पावडरीच्या मधोमध ठेवलं. शुभांगीच्या हातांवर त्याचा भार आला, कागद वाकला, पण तिनं तो सोडला नाही. मॅडमनी पेन उघडून प्रबंध पुढ्यात ओढला. सरांनी खांद्यावरची शाल, जी परसरामभाऊंनी घातली होती आणि जी त्यांनी आज मुद्दाम आणली होती, काढून खुर्चीच्या पाठीवर टाकली. टेबलावरच्या फुलांतून गेरूची मूस उचलली. पहिल्या रांगेसमोरून जाताना त्यांचे हात सवयीनं नमस्कारासाठी उठू लागले, पण हातात मूस होती. बोटं गेरूनं लाल झालेली, तसेच ते दाराशी आले, पायात चपला सरकवल्या आणि बाहेर निघून गेले.